बिघाड भागाबरोबर जातो

रविवार, ३ ऑगस्ट

आलो एकदाचे! बदलीच्या गावात ऑफिसने दिलेल्या घराला अजून दारं बसायची आहेत, तोवर मुक्काम त्याच गावात, सासुरवाडीत. निघताना ऑफिसातल्या एकाने ‘घरजावई’ म्हणून डोळा मारला. मारो बापडा. ज्याला स्वतःचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवावा लागतो, त्याचा विनोद काय मनावर घ्यायचा? अशा शंभर जणांचे कॉम्प्युटर सांभाळणं हीच माझी नोकरी, त्यामुळे माणसाच्या अकलेबद्दल माझ्या अपेक्षा मुळातच कमी आहेत.

आम्हाला मागची खोली मिळाली. खिडकी मोठी, टेबल भक्कम, प्लग मात्र कुठल्याशा गाढवाने दाराआड बसवलेला. बाकीचं सामान टेम्पोतून आलं, पण माझा कॉम्प्युटर मी मांडीवर घेऊन बसलो होतो. मला कधी इतकं जपून आणलं नाहीत, असं आमची ही वाटेत दोनदा म्हणाली. कॉलेजात असताना एकेक भाग पारखून मी तो स्वतः जोडला आहे. जुना आहे, पण ठणठणीत. टेबलावर ठेवून बटण दाबलं, पहिल्या झटक्यात सुरू झाला. मग कुठे मला घरी आल्यासारखं वाटलं.

इथे माणसं मोजकी. सासूबाई, त्यांचा मुलगा म्हणजे माझा मेहुणा, आणि सासरे. मेहुणा चपलांच्या दुकानात असतो आणि जगातल्या प्रत्येक विषयावर त्याचं मत असतं. सासरे पूर्वी इमारतींचे नकाशे काढायचे. आता वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. अंगात बारीक ताप, माणसं ओळखत नाहीत, डॉक्टरांनी हात टेकलेत. मी पलंगापाशी जाऊन कसे आहात म्हणून विचारलं, तर त्यांनी मलाच आजची तारीख विचारली. मी सांगितली. त्यांनी मान हलवली. म्हणाले, आज एक जानेवारी. मेहुणा कानाशी पुटपुटला, की ते रोज हेच म्हणतात.

दुपारी पोटभर जेवलो. एकूण मजेत जातील दोन महिने.

बुधवार, ६ ऑगस्ट

सासऱ्यांच्या पलंगाला लागून त्यांचा कॉम्प्युटर आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनीही तो स्वतःच जोडला म्हणे. आज पहिल्यांदा नीट पाहिला. कॅबिनेटवर सासूबाईंनी विणलेलं झालरीचं पांघरूण, म्हणजे हवा आत जायला वाव नको. पांघरुणावर फुलदाणी. फुलदाणीत पाणी. मी क्षणभर डोळे मिटून घेतले.

तक्रारी विचारल्या तर घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ निघाला. मेहुण्याच्या मते व्हायरस. त्याच्या मते मिक्सर बिघडला तरी व्हायरसच असतो. मी स्वतः चालवून पाहिला. तारीख दाखवतो एक जानेवारी. पंखा घरघरतो, डबा तव्यासारखा तापतो. कधी तीन लांब शिट्ट्या मारून अडून बसतो, कधी चालता चालता एकदम डोळे मिटतो. म्हणजे एक नाही, चार आजार. असे हाल झालेला कॉम्प्युटर मी ऑफिसात सरळ भंगारात टाकला असता.

सासूबाईंचं निदान मात्र सगळ्यांवर कडी करणारं होतं. म्हणे हा बिघडला की हे बिघडतात, हा बंद पडला की हेही तेवढा वेळ निपचित होतात, म्हणून आम्ही याला कधी बंद करत नाही. शिकलेल्या बाईने असं बोलावं! हिच्याकडे पाहिलं, तर ही पदराशी चाळा करत होती. म्हणजे हिलाही ते पटतं. लग्नाला पाच वर्षं झाली आणि मला आज कळतंय.

सासूबाईंनी दुरुस्त करा म्हणून गळ घातली आणि वर एक अट घातली. त्या म्हणाल्या, “नवे भाग आणा, जावईबापू. तुमच्यातलं काही यात घालू नका.” मी हो हो म्हटलं. बाजारात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्याकडे पणजोबांचा चष्मा मागतोय. हे भाग आता कुठेच येत नाहीत. योगायोगाने माझा कॉम्प्युटर त्याच पिढीतला, सगळे भाग एकमेकांत फिट्ट बसणारे. अट गेली खड्ड्यात.

जेवताना मी माझी पद्धत सगळ्यांना समजावून सांगितली. संशयित भाग काढायचा, त्या जागी खात्रीचा भाग घालायचा. आणि संशयित भाग खात्रीच्या मशिनमध्ये घालून बघायचा. तिथेही तोच त्रास झाला तर भाग दोषी. बिघाड भागाबरोबर जातो, हे एवढं एक वाक्य कळलं तर निम्मं जग सुधारेल. मेहुणा तोंडातला घास न संपवता म्हणाला, की भागांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवा, नाहीतर अदलाबदल होईल. मी म्हटलं, चिठ्ठ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना लावतात. ही हसली. सासूबाई हसल्या नाहीत.

शनिवार, ९ ऑगस्ट

सुरुवात सोप्यापासून. कॉम्प्युटर बंद असतानाही त्याला वेळेचं भान राहावं म्हणून आत नाण्याएवढा एक सेल असतो. त्यांचा सेल माझ्यात घातला, माझा त्यांच्यात. तासाभरात माझी तारीख एक जानेवारी आणि त्यांची बरोबर. सेल दोषी. नवा सेल आणायला मेहुण्याला पाठवलं, तर पठ्ठ्याने मनगटी घड्याळाचा चिमुकला सेल आणला आणि वर दुकानदाराशी वाद घालून आणला. असो. तोवर माझ्यात त्यांचाच राहू दे, मला तारीख सांगायला कॉम्प्युटर लागत नाही.

संध्याकाळी सासरे आपणहून म्हणाले, आज शनिवार, नऊ ऑगस्ट. सासूबाईंच्या हातातून वाटी पडली. मी म्हटलं, समोर भिंतीवर कॅलेंडर आहे. मेहुणा म्हणाला, ते वर्षभर आहे. त्याला उत्तर देण्यात मी शक्ती घालवली नाही.

१ जानेवारी

वरची तारीख चुकली. आज बुधवार, १३ ऑगस्ट. ऑफिसातही काल तीन कागदांवर एक जानेवारी लिहिलं आणि त्या पासवर्डच्या चिठ्ठीवाल्यासारख्याच इथल्या एका महाभागाने ते मला दाखवून दिलं. सासऱ्यांचं टुमणं ऐकून ऐकून डोक्यात बसलंय, दुसरं काय.

आज पंखा. त्यांच्या पंख्यात कित्येक वर्षांची धूळ, वंगण वाळून खडखडीत. माझा काढून त्यांच्यात बसवला, त्यांचा माझ्यात. दोन्ही कॅबिनेट उघडी ठेवून मी हिला दाखवत होतो, की बघ, चार स्क्रू आणि एक वायर, तुलासुद्धा जमेल. ही तिथेच स्टुलावर बसून सगळं बघते. तिला एवढा रस कशात आल्याचं मी पाहिलं नव्हतं.

त्यांचा डबा थंड झाला. माझा घरघरू लागला. निदान पुन्हा अचूक.

चहाच्या वेळी सासूबाई येऊन म्हणाल्या, यांचा ताप उतरला. वर्षात पहिल्यांदा. सासरे उशीला टेकून बसले होते, गालांवरचा घाम पुसत होते. मी म्हटलं, डॉक्टरांच्या गोळ्यांना उशिरा का होईना यश आलं. सासूबाई पुढे आल्या आणि हाताची मागची बाजू माझ्या कपाळावर ठेवली. लगेच काढून घेतली.

१ जानेवारी

ही म्हणते आज सोळा ऑगस्ट. असेल.

अंगात ताप आहे. डॉक्टर म्हणाला, व्हायरल. मेहुण्याचा चेहरा असा उजळला, की मला उठून त्याला खोलीबाहेर काढावंसं वाटलं. तापात स्वस्थ पडून राहण्यापेक्षा काम केलेलं बरं म्हणून तीन शिट्ट्यांकडे वळलो. तीन शिट्ट्या म्हणजे मेमरी. दोन लांबट पट्ट्या असतात, त्यात कॉम्प्युटर चालू कामाचं सगळं लक्षात ठेवतो. त्यांच्या पट्ट्या काढून टोकं खोडरबराने घासली. फरक नाही. मग नेहमीप्रमाणे माझ्या त्यांच्यात, त्यांच्या माझ्यात. माझा बंद असेतो डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तापाची असणार.

त्यांचा कॉम्प्युटर निमूट सुरू झाला. मी कॅबिनेट बंद करत होतो, तेवढ्यात सासऱ्यांनी हिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “चिमे, तू कधी आलीस?”

वर्षभर त्यांनी हिला ओळखलं नव्हतं. ही पलंगाच्या कडेला बसली आणि त्यांच्या हातावर तोंड ठेवून रडली. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन तसाच उभा. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? या घरात पहिल्यांदा कुणाबद्दल तरी बरं वाटलं.

माझा कॉम्प्युटर तीन शिट्ट्या मारतोय. अपेक्षितच होतं.

१ जानेवारी

सकाळी ऑफिसला निघालो आणि कोपऱ्यावर उभा राहिलो. डावीकडे की उजवीकडे, ते आठवेना. मी कोपऱ्यावर उभा, पाय रस्त्यावर, हातात डबा, आणि आपल्याला कुठे जायचंय ते माहीत नाही. मेहुणा दुकानात जात होता, त्याने कोपराला धरून मला घरी आणलं. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. त्याची टिंगल परवडली असती.

घरी येऊन ही रोजनिशी पहिल्या पानापासून वाचली. काही पानं मी लिहिल्याचं मला आठवत नाही.

सेल. त्यांना तारीख कळू लागली, माझी गेली. पंखा. त्यांचा ताप उतरला, मला चढला. मेमरी. ऑफिसातल्या एखाद्या बावळटाने ही गोष्ट मला सांगितली असती, तर मी त्याला हसून हाकललं असतं. आणि बावळट तर मी निघालो. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पद्धतीने, दर वेळी निदान अचूक म्हणून पाठ थोपटत.

सासूबाईंना गाठलं. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाल्या, की हा कॉम्प्युटर जोडताना यांनी त्यात काय ओतलं ते मला माहीत नाही, पण तेव्हापासून हे असं आहे. मी सांगितलं होतं तुम्हाला, म्हणाल्या. मग म्हणाल्या, मी अजून जोरात सांगायला हवं होतं. आणि त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

उरला एकच आजार. चालता चालता बंद पडणं. आज मीटर लावून पाहिलं, त्यांच्या पॉवर सप्लायमधून येणारा विजेचा दाब मध्येच कोसळतो. भिंतीतली वीज घेऊन सगळ्या भागांना पुरवणारा तो डबा. मी पाहत असतानाच कॉम्प्युटर बंद पडला. पलंगावर सासऱ्यांचा श्वास थांबला. छाती हलेना. हिने धावत येऊन बटण दाबलं, पंखा फिरला, आणि त्यांनी श्वास घेतला.

तो माझ्यात आला तर—

पॉवर सप्लाय बदलायचा नाही. काही झालं तरी नाही.

मला भीती वाटते.

१ जानेवारी

हिला सगळं सांगितलं. माझे भाग परत घेतो म्हणालो. मला वाटलं होतं ही घाबरेल, नाहीतर मला वेड्यात काढेल. तिने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. तिला आधीच कळलं होतं. स्टुलावर बसून ती काय बघत होती, ते मला आज समजलं.

म्हणाली, “थोडे दिवस त्यांना माझी ओळख राहू दे. मग काढा.”

आतल्या खोलीत सासरे तिला हाक मारत होते. चिमे, चिमे. मी म्हटलं, ठीक आहे, थोडे दिवस. मी नाही म्हणू शकलो नाही. मला वाटायचं मी या लोकांना तुच्छ लेखतो.

१ जानेवारी

आज काढायचे होते. थोडे दिवस झाले असावेत. दोन्ही कॅबिनेट उघडून चारही पट्ट्या काढल्या, टेबलावर ठेवल्या, आणि खोडरबर शोधायला वळलो. परत वळलो तर चार पट्ट्या. सगळ्या सारख्या. हिरव्या, तेवढ्याच लांब, त्याच कंपनीच्या. माझ्या कुठल्या?

आतून कुणाचा आवाज नाही. त्यांचा कॉम्प्युटर बंद होता ना. माझा बंद करायला विसरलो होतो, पंखा घरघरतच होता. सासूबाई दारात आल्या आणि तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. घाई कर, घाई कर असं मी स्वतःशीच म्हणत होतो आणि चिठ्ठ्या चिकटवा म्हणणारा तो चपलावाला मला आठवत होता. कुठल्या, कुठल्या—

हिला विचारलं. हिने पटकन दोन उचलल्या, ह्या तुमच्या म्हणून माझ्या मशिनमध्ये घातल्या. उरलेल्या घेऊन आत पळाली. माझ्या तोंडाकडे तिने पाहिलं नाही.

आत सासरे खोकले. मग म्हणाले, चिमे, पाणी दे गं.

माझ्या टेबलावर तीन शिट्ट्या.

१ जानेवारी

एक म्हातारे गृहस्थ चालत माझ्या खोलीत आले. ताठ चाल, स्वच्छ दाढी. माझ्या टेबलाकडे बोट करून त्यांनी विचारलं, की हा खटारा कुणाचा. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, ज्याचा असेल त्याला काही कळत नाही, घरघर ऐका नुसती. मला ते पटलं. आम्ही दोघं त्या माणसाला थोडा वेळ हसलो.

मग ते मध्येच खाली बसले. बसले म्हणजे— पडले. बाहेर पळापळ. कुणीतरी बटण दाब, बटण दाब म्हणून ओरडलं. या वेळी बराच वेळ लागला. आता हा टिकणार नाही म्हणाली ती. सुरूच होणार नाही, आई, पुढच्या वेळी.

१ जानेवारी

अंग तापलंय. एक बाई कपाळावर ओला रुमाल ठेवते आणि माफ करा जावईबापू म्हणते. कशाबद्दल ते—

मागच्या एका पानावर लिहिलंय, पॉवर सप्लाय बदलायचा नाही. अक्षर माझं. पॉवर सप्लाय म्हणजे काय, ते हिला विचारलं. काही नाही म्हणाली. वही बंद केली माझी.

१ जानेवारी

ऊन खोलीत आलंय. ही माझ्या टेबलाशी उभी आहे, स्क्रूड्रायव्हर घेऊन. रडते आहे. का रडते विचारलं तर नुसती मान हलवते.

कॅबिनेटमधला मोठा चौकोनी डबा काढते आहे. नाव आठवत नाही. हाताला ओळखीचा वाटतो. पण ही स्क्रू उलटा फिरवते आहे, चांगला आवळून ठेवला. मी म्हटलं, दुसरीकडे. तिने फिरवला. निघाला.

तिने विचारलं, “आता कुठला?”

खालचा, म्हटलं. मग कोपऱ्यातला. दाखवावं लागतं सगळं. एवढे दिवस स्टुलावर बसून काय बघत होती कोण जाणे. स्क्रू खाली पाडला तिने, शोधत बसलीये. आत कुणीतरी तिला हाक मारतंय, हळू, अगदी हळू. ती म्हणते, आले बाबा.

आता ती आतली वायर ओढायला निघाली. मशिन चालू असताना! पंखा घरघरतोय, दिवा लागलाय, आणि ही वायर ओढणार. काही म्हणजे काही येत नाही हिला. आधी मागचा खटका बंद करायचा असतो, हे लहान मुलालासुद्धा कळतं. सांगितलं तर तशीच बघत उभी राहिली माझ्याकडे. शेवटी सगळं मलाच करावं लागतं. थांब, सरक, मीच हात मागे घालून तो खटका